तास कुणाच्या नजरेखालचे?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२३ रोजी एक कायदा एकमताने रद्द केला. कायदा होता बाळाला अंगावर पाजण्याबाबत आयांना सल्ला देणाऱ्यांचा. २०१६ साली झालेल्या या कायद्याचं म्हणणं असं, की हा सल्ला पैसे घेऊन द्यायचा असेल तर सरकारी परवाना हवा, आणि परवाना हवा असेल तर आयबीसीएलसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हवं. डॉक्टर आणि नर्सना यातून सूट होती. फुकट सल्ला देणाऱ्यांनाही होती. म्हणजे तोच सल्ला त्याच बाईने त्याच आईला धर्मादाय दिला तर चालेल, मोबदला घेतला की बेकायदा.

या कायद्याला आव्हान देणाऱ्या मेरी जॅक्सन अटलांटातल्या. तिथल्या ग्रेडी रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षं हेच काम केलेलं. एकूण अनुभव तीन दशकांचा. प्रमाणपत्रही होतं, पण ते दुसरं, आठवडाभराच्या अभ्यासक्रमानंतर मिळणारं. कायदा अमलात आला असता तर त्यांची आणि त्यांच्यासारख्या अनेकींची रोजीरोटी गेली असती, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या, बहुतांश कृष्णवर्णीय आणि कमी उत्पन्नाच्या आयांना शेजारचं माणूस मिळालं नसतं. विनापरवाना सल्ल्याने कुणाचं नुकसान झाल्याचा पुरावा सरकारला देता आला नाही. कायदेशीर धंदा करण्याचा नागरिकाचा हक्क असा विनाकारण हिरावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

निकाल बरोबर लागला असं मला वाटतं. पण दोन्ही पक्षांचा युक्तिवाद वाचताना एक गोष्ट खटकत राहते. परवानावाले म्हणत होते, परीक्षा आणि प्रमाणपत्र असेल तर आई-बाळ सुरक्षित. विरोधक म्हणत होते, अनुभव हीच पात्रता. परीक्षा पास झालेली मुलगी पहिल्याच रडणाऱ्या बाळासमोर गांगरू शकते हे परवानावाल्यांना अडचणीचं. आणि एकच चूक तीस वर्षं करत राहण्यालाही अनुभवच म्हणतात, हे विरोधकांना. या कामात माणूस तयार होतो तो तिसऱ्याच जागी. खऱ्या आईच्या पलंगाशेजारी, खरं बाळ हातात असताना, कुणातरी जाणत्या बाईच्या नजरेखाली. ती जागा कुणी उभी करायची, तिथल्या जाणत्या बाईचा पगार कुणी द्यायचा, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तो आपल्यापुढे मात्र आहे. माझं म्हणणं सरळ आहे: आपण स्तनपानाच्या जाहिरातींवर, सप्ताहांवर, पुस्तिकांवर आणि अभ्यासक्रमांवर खर्च करतो, शिकणारीच्या शेजारी बसणाऱ्या बाईच्या वेळेवर करत नाही, आणि बाकीचा खर्च त्यामुळे बराचसा वाया जातो.

यावर पहिली शंका घरातूनच येईल. पाजायला शिकवायचं काय त्यात? गाय वासराला पाजते, तिला कुणी शिकवलं? आपल्या आज्यांनी सात-सात, आठ-आठ मुलं वाढवली, त्यांना कुठे कन्सल्टंट होता?

मग प्रसूतीनंतरच्या दुसऱ्या रात्रीचा एक वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. कुठल्याही शहरातला, सरकारी असो वा खासगी. बाळंतीण सिझरची. सलाइनची सुई अजून हातात, कुशीवर वळताना टाके ओढतात. पहिला दिवस झोपून काढलेलं बाळ आता दर अर्ध्या-पाऊण तासाने रडतंय आणि छातीला लावलं की दोन मिनिटं ओढून सोडून देतंय. चीक येतोय, पण तो काही मिलिलिटरच असतो. पान्हा भरून यायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. सासूबाई म्हणतात, हिला दूधच नाही. आई म्हणते, उद्या अळिवाची खीर करून आणते. कुणीतरी खाली औषधांच्या दुकानातून पावडरचा डबा आणतं आणि वाटी-चमच्याने तीस मिली जातात पोटात. बाळ तीन तास झोपतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण त्या तीन तासांत बाळाने ओढलं नाही, म्हणून छातीला मागणीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी कमी ओढतं. चौथ्या दिवशी, घरी जाताना, ‘दूध नाही’ हे खरं झालेलं असतं.

या रात्री तिथे कुणी शिकलेली बाई असती तर तिने काय केलं असतं? पुस्तकी उत्तर चार ओळींत संपतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. बाळाने मोठा आ केला की हनुवटी आधी टेकवून पटकन जवळ घ्यायचं. खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालच्या बाजूने तोंडात जास्त गेलेला. हे पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. पण बाळ ‘मोठा आ’ करतं तो क्षण असतो अर्ध्या सेकंदाचा, आणि नवखी बाई तो हटकून चुकवते: आधी तरी नेते, नाहीतर नंतर. बाळ नुसतं चोखतंय की गिळतंय हे जबड्याच्या खोल, सावकाश हालचालीवरून आणि मधल्या बारीक विरामावरून ओळखायचं असतं. दुखतंय का विचारलं तर आई ‘नाही’ म्हणते, पण पायाची बोटं आवळलेली असतात. तिचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, कारण पाठीला आधार नाही. उशी सरकवली की निम्मं काम होतं. हे डोळे आणि हे हात वाचून येत नाहीत. व्हिडिओ बघून थोडे येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातून मराठीसह अनेक भारतीय भाषांत याचे दृक्‌श्राव्य पाठ तयार झाले आहेत आणि ते उपयोगाचेच आहेत. पण पडद्यावरचं बाळ दर वेळी त्याच सेकंदाला आ करतं.

हातांचं तर आणखी विशेष आहे. नवशिकीला मदत करायची घाई असते. ती एका हाताने स्तन धरते, दुसऱ्याने बाळाचं डोकं मागून दाबते आणि लावून देते. लागतंही बऱ्याचदा, तेवढ्यापुरतं. ती गेली की आईला एकटीला ते जमत नाही, आणि डोकं दाबलेलं बाळ पुढच्या वेळी मान मागे टाकून रडतं. जाणती बाई आपले हात मागे ठेवते. ती बोलते, दाखवते, बाहुली घेऊन करून दाखवते. करायचं ते आईच्या हातांनी. शिकणारीला ही शिस्त लावणं हे मार्गदर्शिकेच्या कामातलं सगळ्यात अवघड काम असावं, कारण तिला दोन पायऱ्यांवरून गप्प बसायचं असतं: आपण आईला हात लावायचा नाही, आणि शिकणारीलाही पटकन बाजूला सारायचं नाही. समोर बाळ रडत असताना.

आता हिशेबाकडे वळू, कारण हा हिशेब मला फार बोलका वाटतो. आयबीसीएलसी प्रमाणपत्राची परीक्षा १९८५ पासून एक आंतरराष्ट्रीय मंडळ घेतं. परीक्षेला बसायला आरोग्यशास्त्राचे १४ विषय आणि स्तनपानाविषयी ९५ तासांचं शिक्षण लागतं. याखेरीज प्रत्यक्ष कामाचे तास, आणि त्यांचे तीन मार्ग. डॉक्टर, नर्स किंवा मान्यताप्राप्त स्वयंसेवी समुपदेशक असाल तर पाच वर्षांत १००० तास काम केलेलं हवं. त्यावर कुणाची थेट देखरेख असलीच पाहिजे असं नाही. एखाद्या आयबीसीएलसी मार्गदर्शिकेच्या हाताखाली शिकत असाल तर ५०० तास, सगळे थेट देखरेखीखालचे. आणि मान्यताप्राप्त शैक्षणिक अभ्यासक्रमात असाल, जिथे वर्ग आणि वॉर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, तर ३०० पुरतात.

मंडळाने हे आकडे कशावरून ठरवले त्याच्या खोलात मी शिरत नाही. पण त्यांत एक कबुली आहेच. कुणी पाहिलं नाही असे १००० तास आणि कुणी रोज पाहिले, त्यावर बोलले, वर्गात नेऊन उलगडले असे ३०० तास यांचं वजन सारखं. नजरेची किंमत तिप्पट. आणि आणखी एक नियम आहे, तो लोक विसरतात: मार्गदर्शिकेबरोबर फिरून तिचं काम नुसतं बघण्याचे तास या ५०० मध्ये धरत नाहीत. बघणं ही तयारी झाली. आधी ती करते तुम्ही बघता, मग तुम्ही करता ती बघते, मग तुम्ही करता आणि ती खोलीत असते पण बोलत नाही. मोजायला सुरुवात दुसऱ्या पायरीपासून.

आपल्याकडे मात्र ‘प्रशिक्षण झालं’ या शब्दांत पहिली पायरीसुद्धा धरलेली नसते. सभागृह, प्रोजेक्टर, चहा-बिस्किट, हजेरीपट, प्रमाणपत्र, सामूहिक फोटो. यात शिकवणाऱ्यांचा दोष फारसा नाही. त्यांना दिलेली रचनाच ती आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या बाळस्नेही रुग्णालय उपक्रमातही सुरुवातीला कर्मचाऱ्यांसाठी किमान १८ तासांचं प्रशिक्षण होतं आणि त्यात देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किमान ३ तास. तीन! पुढे ते तास थोडे वाढले आणि २०१८ च्या सुधारणेत तासांची भाषाच मागे पडली: कर्मचाऱ्यांकडे ज्ञान, क्षमता आणि कौशल्य पुरेसं आहे याची खात्री करा, असं दुसरं पाऊल नव्याने लिहिलं गेलं. २०२० मध्ये त्याची पडताळणी कशी करायची याची साधनंही आली. १६ क्षमता, आणि त्यांतल्या बऱ्याच अशा की कुणीतरी उभं राहून काम पाहिल्याशिवाय खूणच करता येत नाही. कागदावर फार मोठी गोष्ट झाली. पण पाहणारं कोण, हे कागद सांगत नाही.

आता आज्यांकडे येऊ, कारण त्यांना टाळून हा विषय मराठीत मांडता येणार नाही. आज्यांना कन्सल्टंट नव्हता हे खरं नाही. त्यांना दहा होत्या. मुलगी स्वतः आई होण्याआधी मोठ्या बहिणीला, काकूला, वहिनीला पाजताना बघतच मोठी झालेली असायची. बाळंतपण माहेरी, खाटेशेजारी आई, न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई, अधूनमधून सुईण. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात काम करता करता शिकण्याची जी मीमांसा केली, तिच्यातलं एक महत्त्वाचं उदाहरण युकातानमधल्या माया सुइणींचं आहे: घरात सुईणपण असतं आणि मुलीला कुणी ‘शिकवत’ नाही, ती निरोप पोचवते, सामान आणते, मग एक दिवस हात लावते. आपल्याकडे पाजणं शिकलं गेलं ते असंच.

त्या शाळेत चुकाही तितक्याच इमानाने शिकवल्या जात. पहिला चीक पिळून टाकायचा, बाळाला आधी मध किंवा गुळाचं पाणी चाटवायचं, तीन दिवस वरचं पाजायचं, रोज गुटी उगाळायची. जाणत्या बाईची नजर चुकीचीही असू शकते आणि ती चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते. हे आजच्या रुग्णालयांनाही लागू आहे. डोकं दाबून लावणं, स्तन दोन बोटांच्या कात्रीत धरणं, ‘दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं’ घड्याळ लावून पाजणं, हे आजच्या तरुण नर्सना कोणत्या पुस्तकाने सांगितलं? सीनियर सिस्टरने सांगितलं, तिला तिच्या सीनियरने. म्हणून गुरु-शिष्य परंपरेचे गोडवे गाण्यात मला रस नाही. जिची नजर शिकणारीवर आहे तिच्यावरही कुणाची तरी नजर हवी. मार्गदर्शिकेने वर्षातून काही वेळा दुसऱ्या मार्गदर्शिकेसमोर काम करून दाखवावं, आपल्या अवघड केसेस मांडाव्यात, आणि न जमलेल्या आधी. सर्जन मंडळी मृत्यूंच्या बैठकीत असं काहीसं करतातच.

पण घरातली ती शाळा तर बंद झालीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे दोन आकडे शेजारी ठेवा. २०१५-१६ मध्ये देशात ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. दहा टक्क्यांची ही झेप मातामृत्यू कमी करणारी आहे आणि तिचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण याच काळात ४१.६ वरून ४१.८ टक्के झालं. म्हणजे हललंच नाही. बाळंतपण अशा जागी गेलं जिथे डॉक्टर आहे, नर्स आहे, रक्तपेढी आहे, आणि तरी दहातली सहा बाळं त्या पहिल्या तासात आईपासून लांबच राहिली. खासगी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण ४७.४ टक्के, हे याचं एक कारण. पण सिझर झाल्यावरही बाळाला छातीवर देता येतं, तसं देणारं कुणी असेल तर. आपण बाळंतपण घरातून हलवलं आणि त्याच्याशेजारची जाणती बाई घरीच राहिली. तिच्या जागी जी यायला हवी होती तिला तयार करण्याचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात धरला गेला नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने तरी अनभिज्ञ असल्याचं सोंग आणू नये. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून सुरू झाली. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला झाली. आणि देखरेखीखाली शिकवण्याबद्दल म्हणाल, तर ते जगाला आपणच दाखवलं. जामखेडला १९७० च्या दशकापासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बायकांना गावच्या आरोग्याचं काम शिकवलं, आणि शिकवणं एकदा करून संपवलं नाही. बायका पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावात घडलेलं सांगत, त्यावरच पुढचा धडा होई.

गडचिरोलीचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी. जगभर गाजलं ते हे, की गावातल्या थोड्या शिकलेल्या बायका इंजेक्शन देतात आणि बाळं वाचवतात. त्यामानाने कमी गाजला तो त्याच प्रयोगातला दुसरा भाग: डॉक्टर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गावात जात, आरोग्यदूत बाईच्या नोंदी तपासत, चुका तिथल्या तिथे दुरुस्त करत, तिला पुढचं शिकवत. बाळांवर उपचार मात्र ते स्वतः करत नसत. ते तिचं काम. मला वाटतं, प्रयोगाचा कणा हा होता.

२०११ मध्ये ही कल्पना देशभर गेली. आशा ताईने दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी सहा भेटी द्यायच्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. तपासणीचा तक्ता गेला, किट गेलं, मोबदल्याचा दर गेला. दर पंधरा दिवसांनी शेजारी येऊन बसणारं माणूस मात्र त्या प्रमाणात गेलं नाही. आपल्याकडे गटप्रवर्तक ताई आहेत, साधारण वीस आशांमागे एक, आणि आशांबरोबर घरभेटी करणं हे त्यांच्या कामात लिहिलेलं आहे. पण त्यांचा किती वेळ अहवाल भरण्यात जातो हे कुठल्याही गटप्रवर्तकाला विचारा. वर त्यांचं स्वतःचं पाजण्याविषयीचं शिक्षण आशा ताईइतकंच. आशा ताईकडे तास आहेत, भरपूर आहेत. त्या तासांवर नजर नाही. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सुशिक्षित तरुणीला फी भरून मार्गदर्शिका मिळू शकते, पण तिला वॉर्डात पाऊल टाकायची परवानगी मिळत नाही, म्हणून तास मिळत नाहीत. एकीकडे बाळं आहेत आणि दुसरीकडे गुरू, आणि दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्था नाही.

परिणाम काय होतो? आयबीसीएलसी प्रमाणपत्र घेणाऱ्या बहुतेक शहरातल्या, इंग्रजी सफाईदार येणाऱ्या, दोन-तीन वर्षं बिनपगारी शिकणं ज्यांच्या घराला परवडतं अशा. ही परीक्षा मराठीत होत नाही, हा अडथळा वेगळाच. त्या चांगलं काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्याकडे जाणाऱ्या आयाही त्याच वर्गातल्या असतात. जॉर्जियात नेमकी हीच भीती होती. परवाना सक्तीचा केला तर काम त्याच बायकांच्या हाती राहील ज्यांना ३०० तास आणि त्यांचा खर्च झेपतो, आणि ज्या आयांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या वस्तीत कुणीच उरणार नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. पण तास आणि नजर दोन्ही परवडणाऱ्यांनाच मिळत राहिले तर कायद्याशिवायही तेच होईल.

मार्गदर्शिकेच्या वेळेचे पैसे कुठून येणार, हा रास्त प्रश्न आहे. एक बाजू रिकामीच ठेवायची आहे. शिशुदुग्ध पर्याय कायदा १९९२ चा, २००३ मध्ये कडक झालेला: पावडरचं दूध, बाटल्या, शिशुआहार विकणाऱ्या कंपन्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषदा, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, संशोधन, कशासाठीही पैसे द्यायचे नाहीत. इतका स्पष्ट कायदा थोड्याच देशांत आहे. पण ज्या दाराने पैसा येऊ नये ते बंद करताना ज्या दाराने यायला हवा ते उघडावं लागतं, नाहीतर पैसा खिडकीतून येतो. कधी पोषणाच्या ‘वेबिनार’च्या नावाने, कधी आणखी कशाच्या. २०१६ मध्ये केंद्राने ‘मां’ हा स्तनपान प्रोत्साहनाचा कार्यक्रम सुरू केला. २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या दुग्धपेढ्या आणि स्तनपान व्यवस्थापन केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या आणि समुपदेशनासाठी माणसं लागतील हेही त्यांत मान्य झालं. त्या माणसांना शिकवणारं माणूस हे वेगळं काम आहे, ते ‘जमेल तसं’ करायचं नाही, एवढं वाक्य घातलं तरी पुरेल.

सीनियर सिस्टरने ते आपल्या कामाबरोबर करावं असं म्हणणारे बरेच भेटतात. रात्रपाळीत दोन नर्स आणि चाळीस खाटा असतात तेव्हा ती कुणाला शिकवणार? शिवाय प्रसूती वॉर्डात दोन वर्षांत जिचा हात बसला तिची बदली हाडांच्या वॉर्डात होते. बदल्यांमागे प्रशासनाची आपली कारणं असतात, आणि सगळ्यांना सगळं यावं हे तत्त्व वाईट नाही. पण या एका कामात दर बदलीबरोबर एक शाळा बंद पडते. जिल्हा रुग्णालयात निदान एक सिस्टर अशी असावी जिची बदली पाच वर्षं होणार नाही, जिच्याकडे खाटा नसतील, फक्त शिकणाऱ्या असतील. परिचारिका महाविद्यालयातल्या मुली, तालुक्यांहून आलेल्या एएनएम, पाळीपाळीने आशा ताई, आणि हो, बाहेरून आलेली फी भरणारी ती शहरी मुलगीही. २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरीसाठी नर्सेसचा अठरा महिन्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखला, म्हणजे प्रसूती हे वेगळं कौशल्य आहे हे सरकारला मान्य आहे. त्याच्याच शेजारी ही खुर्ची ठेवता येईल.

एक अडचण मात्र पैशांनी सुटणारी नाही. ती आईची आहे. वॉर्डात पदर बाजूला करून बसलेली बाई, आणि तिच्यासमोर एक शिकवणारी, एक शिकणारी, कधी आणखी दोघी. सरकारी दवाखान्यातल्या गरीब बाईला कुणी विचारत नाही. सगळ्या शिकाऊंचे हात तिच्यावरच बसतात आणि मग बसलेले हात खासगी दवाखान्यात जातात. वैद्यकीय शिक्षणाचा हा जुना अन्याय आहे आणि नव्या विद्येने तो वारसाहक्काने घ्यायचं कारण नाही. शिकणारी कोण आहे हे सांगणं, ती थांबली तर चालेल का विचारणं, ‘नको’ म्हटलं तर सेवेत फरक न पडणं: हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं, आणि मार्गदर्शिकेने ते आपल्या वागण्यातून दाखवायला हवं. पडदा ओढणं, सासूबाईंना ‘जरा बाहेर थांबा’ न म्हणता खुर्ची देऊन कामात घेणं, बाळाचं वजन घटलं की कोणता आकडा आईला धीर देतो आणि कोणता घाबरवतो हे ओळखणं. पहिल्या काही दिवसांत वजन सात टक्क्यांपर्यंत उतरणं बहुधा स्वाभाविक; दहाच्या वर गेलं, बाळ सुस्त आहे, पिवळं पडलंय, लघवी कमी, तर सल्ला बाजूला ठेवून डॉक्टरला बोलवायचं. आपली हद्द कुठे संपते हे ज्या मुलीला कळत नाही तिचे हजार तास झालेले असले तरी तिला एकटीला सोडू नये.

हे सगळं एकदम होणार नाही, म्हणून सुरुवात कुठून करावी याबद्दल एक सूचना. प्रशिक्षणं दहा ते पाच होतात आणि बाळं रात्री दोन वाजता रडतात. दुसरी-तिसरी रात्र ही पाजण्याची खरी कसोटी, पावडरचा पहिला डबा बहुतेक वेळा तेव्हाच उघडतो, आणि त्या वेळी वॉर्डात सगळ्यात कमी माणसं असतात. देखरेखीखालचे पहिले पन्नास तास रात्रपाळीतच ठेवावेत: मार्गदर्शिका आणि शिकणारी, दोघींचेही. त्यासाठी रात्रपाळीचा भत्ता लागेल, बसायला दोन खुर्च्या लागतील, आणि पहाटे दोघींना घरी सोडायला गाडी. प्रस्तावात हे खर्च आधी लिहावेत. बॅनर आणि पुस्तिकांचा आकडा त्याच्या खाली, उरले तर.